सॉफ्टवेअरचा कौल

सर्किट बोर्ड आखण्यात अख्ख्या डिचोलीत आपला हात धरणारा कुणी नाही, असं गौरेशचं ठाम मत होतं, आणि ते तो स्वतःजवळ ठेवत नसे. पाण्याच्या पंपांसाठी त्यानं आखलेले बोर्ड पहिल्याच दिवशी धूर ओकू लागले, तेव्हाही गडी डगमगला नाही. त्यानं कारखान्याचे मालक गोकुळदासबाब यांच्यापुढे चाळीस पानांचा तुलनात्मक अहवाल ठेवला. सार एवढंच, की सगळे वापरतात ते साधं सॉफ्टवेअर आंधळं आहे. तांब्याच्या दोन रेषा एकमेकींना खेटल्या तरी ते ब्र काढत नाही. महागडं घ्या, ते चूक होऊच देत नाही!

गोकुळदासबाबांनी अहवाल चाळला, चष्मा काढला आणि म्हणाले, उद्या सकाळी आमच्या पार्से गावच्या देवळात ये, देवाला विचारू.

गौरेशला वाटलं, थट्टा आहे. पण या माणसानं कारखान्याची जागासुद्धा कौल लावूनच घेतली होती! सकाळी बघतो तर अहवाल नारळाशेजारी तबकात. गुरवानं देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. महागडं घ्यावं की नाही एवढंच विचारतील, अशा समजुतीनं गौरेश निवांत हात जोडून उभा राहिला.

"म्हाराजा," गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरान केलेले बोर्ड जळले. तो त्या साध्या सॉफ्टवेअराचो दोष काय?"

"व्हय म्हाराजा," मागे उभे असलेले चौघे गावकरी म्हणाले.

गौरेशनं चमकून तबकाकडे पाहिलं. हा प्रश्न अहवालात नव्हता! डावी कळी टपकन पडली.

मग चूक माणसाची का, असं गुरवानं विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी खाली. तेवढ्यात गोकुळदासबाब गुरवाच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजले. गुरवानं मान डोलावली आणि नव्या कळ्या लावल्या.

"म्हाराजा, आता त्या माणसाचा नाव..."

"माझीच चूक!" गौरेशनं लोटांगणच घातलं. "साध्या सॉफ्टवेअरनं इशारा दिला होता. लाल अक्षरांत, सतरा वेळा. मी न वाचता बंद केला."

मागचे चौघे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं विसरले. गोकुळदासबाबांचा तर आ वासलेला मिटेना.

"अरे बाबा," ते शेवटी म्हणाले, "माका तुझी आखणी घेवन बोर्ड छापणाऱ्याचा नाव विचारूचा होता. तुझा नाव माझ्या मनातपण नव्हता."

गौरेश पालथाच पडून राहिला. उठून तोंड कुणाला दाखवणार! गुरवानं हळूच विचारलं, पुढचं गाऱ्हाणं घालू का?

"नको," गोकुळदासबाब म्हणाले. "देवाक कित्याक त्रास? ह्यो पोरगो सगळा आपणच सांगता."