भोंग्याचा तोतया

“कुत्रा चालेल,” जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या आणि चष्मेवाला खुर्चीतून पडता पडता वाचला. घर शोधून शोधून त्याच्या चपला झिजल्या होत्या, पण हे वाक्य आजवर एकाही दारात ऐकू आलं नव्हतं. “मात्र आधी मी त्याला बघणार हं. भुंकणारा नको. उद्या घेऊन या.”

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. त्याच्या कुत्र्याचं नाव भोंगा होतं, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. दार वाजलं, पंखा फिरला, कुणी शिंकलं, की भोंगा सुरू. आताचं घर मालकाने विकलं होतं, महिनाअखेर जागा सोडायची होती, आणि बायकोने निक्षून सांगितलं होतं, “भोंग्याला टाकून मी कुठेही येणार नाही. तुम्ही जा खुशाल.”

पण निघता निघता त्याची नजर बाईंच्या भिंगांवर गेली. सगळी हयात दुकानात चष्म्यांच्या काचा घासण्यात गेलेला माणूस, जाडी पाहूनच त्याने नंबर ताडला. या बाईंना कुत्रा आणि पायपुसणं यांतला फरक कळला तरी पुष्कळ, असं त्याचं धंदेवाईक मत पडलं.

“साडूचा कुत्रा नेऊन दाखवू, तो निवांत,” घरी येऊन तो म्हणाला.

बायको उडालीच. “अहो, चक्क तोतया? आणि निवांतचा एक कान पांढरा आहे!”

“त्या नंबरला कान दिसत नाही.”

निवांत म्हणजे शेपूट असलेली उशी. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंच्या पावलावर डोकं ठेवलं आणि तो तिथेच घोरू लागला. बाई विरघळल्या. “किती गुणी लेकरू! रविवारीच या राहायला,” म्हणाल्या. चष्मेवाला घरी आला तो स्वतःवरच खूश होऊन.

रविवारी टेंपोने गादी, कपाट, भांडी, सगळं दारासमोर रस्त्यावर उतरवलं आणि तो निघून गेला. भोंगा आधी टेंपोवर भुंकला, मग कपाटावर, मग कपाटाच्या आरशातल्या कुत्र्यावर. तेवढ्यात दार उघडलं. दारात एक उंच बाई उभी होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि चष्माही नव्हता.

“हा तो कुत्रा नव्हे.”

बायकोच्या हातातली बादली धाडकन खाली पडली.

“तोच आहे,” चष्मेवाला कसाबसा म्हणाला. “अंघोळ घातलीय.”

“अंघोळीने पांढरा कान तपकिरी होतो?”

“पण… आपण कोण?”

“घराची मालकीण. परवा आतल्या दाराच्या फटीतून सगळं बघत होते.”

“आणि त्या? चष्म्याच्या?”

आता मात्र मालकिणीने नजर चुकवली. “धाकटी बहीण माझी. मी तोंड उघडलं की भाडेकरू पळतात. वर्षभर जागा ओस पडलीय. म्हणून बोलायला तिला बसवली.”

चष्मेवाल्याने आ वासला. आपण तोतया कुत्रा आणला आणि समोरून तोतया मालकीण! कुणी कुणाला बोल लावायचा, हेच कुणाला कळेना. भोंग्याला मात्र ते नेमकं कळलं. त्याने मालकिणीकडे तोंड केलं आणि नरड्याच्या शिरा ताणून सुरुवात केली.

“गप! बस खाली!” मालकीण कडाडली.

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. भोंगा भुंकणं अर्धवट टाकून खाली बसला. जन्मात पहिल्यांदाच तो कुणाचं तरी ऐकत होता. बायको डोळे फाडून पाहत राहिली. चष्मेवालाही निमूटपणे गुंडाळलेल्या गादीवर जाऊन बसला.

मालकीण खाली बसलेल्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला. “पळाला नाहीत?”

“कसा पळणार? टेंपो गेला.”

मालकिणीने दार सताड उघडलं. वाकून भोंग्याच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी परक्याचा हात लागला की घर डोक्यावर घेणारा भोंगा शेपूट हलवत राहिला. ओरडून झाल्यावरही समोरून कुणी हललं नाही, याचं तिला इतकं नवल वाटत होतं, की डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

“ऐकतो हो हा,” ती म्हणाली. “हा राहील इथे. तुमचं काय ते नंतर बघू.”