कूलर बंद ठेवणारे दादारावजी

आमच्या शेजारच्या दादारावजींच्या मासोळ्या चिमटा वाजल्याशिवाय जेवत नाहीत.

चिमटा म्हणजे कंडक्टरचा, तिकिटाला भोक पाडायचा. दादारावजींचा सगळा जन्म नागपूर-काटोल गाडीवर गेला. आता तिकिटं मशीनमधून निघतात आणि ते स्वतःही रिटायर झाले, पण चिमटा हातातून सुटला नाही. सरकारी चिमटा जमा केला आणि दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारातून जुना शोधून आणला.

सकाळी काचेच्या पेटीपुढे उभे राहून ते टिक-टिक करतात. दगडामागून, पाल्यातून मासोळ्या निघतात आणि काचेशी गोळा होतात. मग यांचं सुरू होतं, "पुढं सरका, पुढं सरका! मागं जागा हाय न! दारात कोण अडलं?" एक जाडी मासोळी दाणे पडतात तिथून हलत नाही. तिला म्हणतात, "बाई, तुमचं काटोल आलं. उतरा आता."

हे सगळं मला स्वयंपाकाच्या खिडकीतून ऐकू येतं. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी फारशी कोणाशी बोलत नाही. दादारावजींशी बोलावंच लागत नाही, नुसतं ऐकावं लागतं.

सदर बाजारातल्या दुकानातून ते पाण्यातली रोपं आणतात. त्या रोपांना चिकटून बारक्या गोगलगायी येतात. त्यांना दादारावजी 'विनातिकीट' म्हणतात. "पाहा वहिनी, आज पुन्हा विनातिकीट सापडले." दुसरा कोणी त्या फेकून देईल. यांनी त्यांच्यासाठी वेगळी बरणी ठेवली आहे. मी विचारलं, तर म्हणाले, "असं जंगलात उतरवता येते का कोणाले? स्टॉप आल्यावर उतरवू." तो स्टॉप अजून आलेला नाही.

त्यांची बायको चार-पाच वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी मेघा पुण्याला दिली. यंदा तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण तिच्या सासूबाई म्हणाल्या, घरात आई नाही, मग करणार कोण? त्यांचंही काही चूक नव्हतं. मेघा बापाला फोनवर चिडवायची, "बाबा, तुम्हाले मासोळीची पिल्लं जगवता येत नाहीत. मले काय सांभाळसान?"

ती हसून बोलायची. दादारावजींनी ते मनावर घेतलं. "या खेपेले जगवून दाखवतो," ते म्हणाले. "जगवा, मग येतेच मी," ती म्हणाली. झालं. त्या दिवसापासून पिल्लं जगणं आणि मेघा माहेरी येणं, हे त्यांच्या डोक्यात एकच झालं.

त्यांना पिल्लं हवी होती फायटरची. या मासोळीची तऱ्हा वेगळी. नर पाण्यावर बुडबुडे सोडून फेसाचं घरटं करतो. मादी अंडी देऊन मोकळी होते. तिला लगेच दुसरीकडे ठेवावं लागतं, नाही तर नर तिच्या अंगावर जातो. पुढचं सगळं बापाकडे. अंडं खाली पडलं की तोंडात धरून वर नेतो आणि घरट्यात ठेवतो. पिल्लं निघाली तरी तेच. तो जेवतही नाही.

"पाहा वहिनी, घरात बाई नाही तरी चालून राह्यलं न?" दादारावजी म्हणायचे. पण चालत नव्हतं. दर वेळी घरटं फुटायचं आणि अंडी तळाशी जायची. ते नरावर चिडायचे, "बेजबाबदार हाय लेकाचा. ड्यूटीवर झोपते!"

मग एका दुपारी लाईट गेली. मे महिना, बाहेर लू. सगळी गल्ली हातात पंखे घेऊन दारात आली आणि वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडू लागली. तासाभराने दादारावजी टाळ्या वाजवत बाहेर आले. "गेली! बरं झालं, गेली!"

"बह्याड झाले का तुम्ही?" समोरच्या कमलाबाई ओरडल्या.

"अवं, कूलर बंद पडला न घरटं जसंच्या तसं राह्यलं! त्या पोराची काहीच चूक नव्हती, कमलाबाई. मीच वारा घालत होतो त्याच्या डोक्यावर!"

आत जाऊन त्यांनी नराची माफी मागितली. ती मी भिंतीपलीकडून ऐकली. आणि लाईट आल्यावर कूलर लावलाच नाही.

नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद! लोकांना वाटलं, मोटर जळली. एकाने तर स्वतःचा जुना कूलर आणून दारात ठेवला. दादारावजी ओला पंचा डोक्यावर घेऊन पेटीपुढे बसलेले असायचे. पलीकडे अंगणात बरणीत केळीच्या साली कुजत होत्या. त्या पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव होतात, तेच पिल्लांचं पहिलं जेवण. त्या वासाने कमलाबाईंनी खिडकी लावून घेतली. "माणूस शिजला तरी चालते, मासोळी जगली पाह्यजे," त्या म्हणायच्या.

आणि जगली! एका सकाळी भिंतीवरून हाक आली, "वहिनी, या! कमलाबाई, तुम्हीही या, नाक दाबून या!" आम्ही गेलो. पाण्यात बारीक बारीक रेघा आडव्या पोहत होत्या. मोजता येत नव्हत्या इतक्या. दादारावजी घामाने निथळत होते आणि त्यांचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. "फुल्ल गाडी!" ते ओरडले. "उभ्यानं पाशिंजर!"

कमलाबाईंनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, वरून काचेचा तुकडा झाकला असता, तर कूलरही चालला असता न?"

दादारावजी चिमटा हातात फिरवत राहिले. "तो बिचारा उपाशी पहारा देऊन राह्यला," ते हळू म्हणाले. "मी कूलरखाली झोपू?"

पिल्लं जगल्याचा फोन पुण्याला गेला. बंद कूलरची गोष्ट ऐकून मेघाच्या सासूबाई हसून हो म्हणाल्या. दादारावजी मेघाला आणायला पुण्याला गेले आणि जाताना चिमटा माझ्या हातात दिला. "दाण्याआधी दोनदा, वहिनी. अन् बोला थोडंसं त्यांच्याशी." मी दार लोटून घेऊन अगदी हळू म्हणायची, "पुढं सरका." त्या सरकायच्या.

ती आली, तेव्हा मी चिमटा वाजवून दाणे घालत होते. ऑटोचा आवाज ऐकलाच नाही. ओवाळायला भाकरतुकडा काढून ठेवावा म्हणून वळले, तर मेघा दारात उभी, पोटावर हात ठेवून.

"काकू, चिमटा तुम्ही वाजवला? मले वाटलं…" ती म्हणाली. "मी लहान असताना बाबा काटोलहून आले की फाटकातून चिमटा वाजवत. मी ताटावरून उठून पळायची. आई ओरडायची."

एवढी वर्षं मी तो चिमटा ऐकत होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मागे दादारावजी पिशव्या घेऊन उभे होते. ती म्हणाली, "बाबा, वाजवा न एकदा." त्यांनी पिशव्या ठेवल्या. चिमटा माझ्या हातातून घेतला. परत फाटकापर्यंत गेले आणि घराकडे तोंड करून उभे राहून वाजवलं. टिक-टिक.

घरात साऱ्या मासोळ्या पुन्हा काचेशी आल्या. मेघा दारापुढच्या पायऱ्यांकडे निघाली, एक हात भिंतीला, एक कमरेला.

"सावकाश उतर, माय," दादारावजी म्हणाले. "गाडी थांबली हाय."