स्थायी हात

लहान मुलाला घरी बसून शिकायचं असेल तर त्याच्या अंगी उत्साह असावा लागतो आणि नसेल तर तो बाहेरून पुरवावा लागतो, याबाबत सर्व जबाबदार व्यक्तींचं एकमत आहे. (मुलांचं मत विचारलेलं नाही, ती जबाबदार व्यक्तींत मोडत नाहीत.) शिवाय उत्साह मोजता येतो. शिक्षण मोजणं फार कटकटीचं असतं. परीक्षा घ्या, पेपर तपासा, निकाल लावा, मग पालक भांडायला येणार. उत्साहाचं तसं नाही, तो नुसता दिसला तरी पुरतो.

मी हे उगाच बोलत नाही. मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. गेली अठरा वर्षं दुकानांमधले तराजू तपासून त्यांवर शिक्के मारतोय. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी घरातही सांगत आलोय आणि घरच्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतलंय.

माझी मुलगी दुसरीत आहे. घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नसल्यामुळे शाळेतही तेच नाव पडलं. एका रविवारी तिच्या वर्गाचं छप्पर खाली आलं. सुट्टी असल्यामुळे कुणाला इजा झाली नाही. फक्त नऊ बाकं आणि भिंतीवरचा एक सुविचार कामातून गेले. मुख्याध्यापिकांनी तातडीची बैठक घेतली. तीत ठरलं की छप्पर व्हायला अकरा आठवडे लागतील, तोवर वर्गातल्या सेहेचाळीस मुलांनी घरूनच, पडद्यासमोर बसून शिकावं. आणि त्यांचा हुरूप टिकावा म्हणून शाळेने एक प्रेरणा समन्वयक नेमावा. गवंडी मिळायला तीन आठवडे गेले. समन्वयक त्याच संध्याकाळी मिळाले.

हे गृहस्थ पूर्वी गाद्या विकत. माणसं झोपवण्याचा एवढा दांडगा अनुभव असल्यावर ती जागी कशी ठेवायची हे वेगळं शिकावं लागत नाही. पालक त्यांना जोशवाले सर म्हणतात. ते प्रत्येक वाक्य उभं राहून बोलतात. त्यामुळे पडद्यावर त्यांचं डोकं चौकटीबाहेर जातं आणि आम्हाला बहुतेक वेळा त्यांच्या सदऱ्याकडूनच प्रेरणा घ्यावी लागते.

पहिल्याच दिवशी घरोघरी उत्साह-पत्रक आलं. रोज भरून पाठवायचं, खाली पालकाची सही. रकाने असे : स्मित (किमान चार दात दिसतील असं), दोन गुण. ताठ बसणं, एक गुण. टाळी, एक गुण. 'मला शाळा आवडते' हे वाक्य न विचारता उच्चारणं, तीन गुण. (विचारल्यावर उच्चारल्यास अर्धा.) आणि सर्वांत वजनदार रकाना, हात वर करणं, दर वेळी चार गुण.

स्मिताच्या बाबतीत आमची सुरुवातीलाच अडचण झाली. भिंगरीचे पुढचे दात नुकतेच पडले होते, त्यामुळे ती कितीही हसली तरी दोनाच्या वर दात भरेनात. मी रीतसर अर्ज केला, सोबत पडलेल्या दातांचा फोटो जोडला. पाचव्या दिवशी उत्तर आलं : 'सदर विद्यार्थिनीस दातांच्या अटीतून नवे दात येईपर्यंत सूट देण्यात येत आहे, मात्र हिरड्या ठळक दिसाव्यात.' इतकी तत्परता मी माझ्या खात्यातही पाहिलेली नाही.

वर्ग चाळीस मिनिटांचा असे. मी घड्याळ लावून नोंद केली, ती अशी : प्रेरणागीत दहा मिनिटं, उत्साहाची शपथ आठ, कालच्या गुणांचं जाहीर वाचन नऊ, हजेरी पाच, 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' सहा, आणि शिकवणं दोन. ही दोन मिनिटंही बाई फार जीव तोडून शिकवत. बाई वाईट नाहीत, हे मी स्पष्ट नमूद करतो. त्यांचा घसा सोमवारी बसत असे आणि शनिवारी उठत असे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर भिंगरी माझ्यापाशी आली.

"बाबा, मला बाईंना एक विचारायचंय."

"मग हात वर करायचा, बेटा."

"केला होता."

"किती वेळा?"

"खूप वेळा."

"असं मोघम बोलू नये," मी म्हणालो. "नीट मोजत जा. एका वेळेला चार गुण आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः शेजारी बसून मोजू लागलो. एका वर्गात सहा वेळा. पुढच्या दिवशी आठ वेळा. मला अभिमान वाटला. हात वर गेला की बाई म्हणत, "हो गं भिंगरी, दिसतोय हं मला तुझा हात, थांब हं बाळा." एवढं बोलून त्या पुढे जात, आणि मी पत्रकात चार गुण मांडत असे.

बाई थांबून उत्तर का देत नव्हत्या, असं एखाद्याच्या मनात येईल. त्यामागे अभ्यास होता. पहिल्या आठवड्यात बाईंनी चुकून एका मुलाला बोलू दिलं होतं. ('पाणी पिऊन येऊ का?') या व्यवहारात पन्नास सेकंद गेले. तेवढ्यात उरलेल्या पंचेचाळीसपैकी एकोणीस मुलं खुर्चीवरून नाहीशी झाली, सहा झोपली, आणि एकाने आपल्या जागी कुत्र्याला बसवलं. (कुत्र्याचे चारांहून अधिक दात दिसत असल्याने त्याला त्या दिवशी वर्गात सर्वाधिक गुण पडले.) जोशवाले सरांनी यावरून पालकसभेत सिद्धान्तच मांडला. सदरा थरथरत होता.

"पालकहो, समजून घ्या! उत्तर दिलं की हात खाली येतो. हात खाली आला की उत्साह खाली आला. आपल्याला उत्साह खाली आणायचाय का?"

"नाही!" आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

त्या दिवसापासून प्रश्न घेणं अधिकृतपणे बंद झालं आणि हात मात्र वर ठेवण्याची सूचना निघाली. आकडे बोलके आहेत. पहिल्या आठवड्यात वर्गात रोज सरासरी ब्याण्णव हात वर जात, चौथ्या आठवड्यात तीनशे दहा.

आमच्या घरानेही यात कसूर केली नाही. मी साठवलेली रजा काढली आणि स्वतःची गृह-प्रेरणा अधिकारी म्हणून नेमणूक केली. माझ्या वडिलांकडे टाळी विभाग दिला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची टाळी कधी शपथेच्या मध्येच पडे, तर कधी भिंगरी खुर्चीवरून पडली की पडे. पण संख्येत ते कधी कमी पडले नाहीत. पत्नी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, सकाळी सातला घर सोडते. तिच्याकडे दूरस्थ प्रेरणा होती : डब्याच्या सुट्टीत फोन करून 'शाब्बास' म्हणणं. एकदा शाब्बास म्हणून झाल्यावर ती मला म्हणाली, "अहो, पोरगी काहीतरी म्हणतेय, तिचं जरा ऐका की."

"तू ऐक ना, आता फोनवरच आहे ती."

"मी ऐकलं असतं हो, पण इथे बाहेर चौदा जण बाह्या वर करून बसलेत."

सूचना नोंदवून घेतली.

सहाव्या आठवड्यात भिंगरीचा खांदा दुखायला लागला. रात्री तिची आई तेल चोळायची. सकाळी हात अर्ध्यावरच अडकायला लागला आणि आमची सरासरी घसरली. वर्गात आम्ही दुसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर आलो. (पहिल्यावर कुत्रा होता.) मला सुचेना. अठरा वर्षांच्या नोकरीत मी एकाही तराजूला हात दुखतो म्हणून सूट दिलेली नाही. पण ही आपली पोर. शेवटी मीच युक्ती काढली. पत्नीच्या लॅबमधला एक रबरी हातमोजा घेतला, त्यात कापूस ठासला, लाकडी फूटपट्टीला बांधला, पट्टी खुर्चीच्या पाठीला घट्ट आवळली आणि वरून भिंगरीच्या जुन्या स्वेटरची बाही चढवली. पडद्यावर ओळखू येत नव्हतं. जवळून पाहिलं तर हात थोडा आजारी वाटे, एवढंच.

या व्यवस्थेला मी 'स्थायी हात' असं नाव दिलं. वर्ग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो वर असे. भिंगरी बापडी त्याच्याखाली बसून असे, आणि अधूनमधून आपला खरा हातही वर करी. तो मी खाली करायला सांगितला. एका मुलीचे दोन हात वर दिसले तर ती शरण आल्यासारखी दिसते.

"पण बाबा, मला खरंच विचारायचंय."

"अगं, चाललंय ना तुझं विचारणं! बघ, सगळा वेळ हात वर आहे."

तिने त्या हातमोज्याकडे बघितलं आणि ती सरळ होऊन बसली. मी ताठ बसण्याचा एक गुण दिला.

चांगली कल्पना लपून राहत नाही. आठव्या आठवड्यात पडद्यावर तीन स्थायी हात दिसले, नवव्यात वीस, दहाव्यात सेहेचाळीस. कुणी लोकरीचा हातमोजा वापरला, कुणी भांडी घासायचा पिवळा. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या एका शिंपीणबाईंनी तर मनगट हलणारा हात शिवला. वर्ग भरला की सेहेचाळीस चौकटींत सेहेचाळीस हात उभे, आणि त्यांच्याखाली मुलं काय करताहेत हे बघायची कुणाला गरज उरली नाही. जोशवाले सर गहिवरून खाली बसले. त्या दिवशी आम्ही त्यांचा चेहरा प्रथमच पाहिला. इतर शाळांमधून विचारणा होऊ लागली.

अकराव्या आठवड्यात गौरव समारंभ झाला, अर्थात पडद्यावरच. 'सर्वाधिक उत्साही विद्यार्थिनी' म्हणून भिंगरीचं नाव जाहीर झालं. प्रत्यक्ष हात वर : दोनशे चौदा वेळा. स्थायी हात : एकूण एकवीस तास. पत्नीने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती, वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही चौघं पडद्यासमोर एका ओळीत बसलो. मुख्याध्यापिका बोलल्या, सदरा बोलला, बाईंचा घसा बसलेला असल्याने त्यांनी हात जोडले. मग जोशवाले सर म्हणाले, "भिंगरी बेटा, आज तुझा माइक चालू आहे! सांग सगळ्यांना, एवढ्या उत्साहाचं रहस्य काय?"

भिंगरी म्हणाली, "मला बाईंना एक विचारायचं होतं."

बाई एकदम पडद्याजवळ आल्या. "विचार ना गं राणी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "विचार, मी ऐकतेय."

भिंगरीने तोंड उघडलं. मग मिटलं. तिने छताकडे बघितलं, स्वतःच्या पावलांकडे बघितलं, आईकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून तिने खूप वेळ आठवलं.

"विसरले," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेहेचाळीस घरांतून झाला. किती निरागस, किती प्रांजळ, असं सरांनी म्हटलं आणि तिला जागच्या जागी प्रांजळपणाचे पाच गुण दिले. फक्त माझे वडील माझ्या कानाशी वाकून विचारत होते, "काय म्हणाली रे?" मी मोठ्याने सांगितलं, "विसरली म्हणे." त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि टाळी वाजवली नाही. मला फार कसंतरी झालं. पत्रक काढून पाहिलं; पालकाला कसंतरी झाल्यास काय लिहावं, याला रकाना नव्हता.

आता शाळा नव्या छपराखाली भरते. दुसरीचा वर्ग आदर्श झाल्याचं सांगतात. मुलं शांत बसतात, कुणी मध्येच हात वर करत नाही, बाईंचा घसा सुधारलाय. बाईंनी भिंगरीला दोनतीनदा जवळ घेऊन विचारलं म्हणे, "आठवलं का गं?" ती मान हलवून नाही म्हणते आणि पुढचा धडा काढते. समन्वयकांना बढती मिळाली.

तुम्हाला राग आलेला दिसतोय. अकरा आठवडे घरात तीन मोठी माणसं, आणि एकालाही त्या पोरीला 'काय विचारायचंय गं तुला?' असं म्हणायला सुचू नये? रास्त आहे तुमचं. नोंद घेतली आहे. फक्त एक सांगतो. मघाशी हे वाचत असताना तुमच्याजवळ कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. काहीतरी म्हणत होतं. "थांब, एवढं वाचून होऊ दे," असं तुम्ही मान वर न करता म्हणालात. आता वाचून झालंय. बघा, अजून उभं आहे का.