कुरणातले बायाजीतात्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: बायाजीतात्यांना मी दर वर्षी पुसून टाकतो.

माझं काम गवताच्या पाहणीचं. पावसाळा सरला की भोरहून ड्रोन घेऊन हिर्डोशीच्या वर जायचं, कुरणाचे फोटो काढायचे. ते जोडून नकाशा होतो. ताजं गवत हिरवं, वाळकं तांबडं. त्यावरून कुरण चरायला कधी सोडायचं ते ठरतं.

तात्यांची म्हसरं याच कुरणात चरतात. ड्रोन उडाला की तात्या हजर. भर उन्हात अंगात दोन सदरे, वर घोंगडी, डोक्याला धुतलेला पांढरा पटका.

"तात्या, उकडत नाही?"

"उकडतं की! पर वरनं मानूस बारीक दिसतं, सायेब."

ड्रोन जाईल तिकडे हे खालून चालत. पहिल्या वर्षी नकाशा जोडला, तर एका कुरणात चार बायाजी. शिवाय संगणकानं पटक्याला उघडी जमीन ठरवलं. मी समजावलं, "तात्या, तुमच्यामुळं कुरणाला टक्कल पडतंय."

"पडू द्या. तुमच्या डोक्यावर कुठं गवत हाय?"

पुढं मी नाद सोडला. त्यांच्या जागी शेजारचं गवत चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं. ते विचारायचे, "आलो का फोटूत?" मी म्हणायचो, "आलात की."

यंदा त्यांनी नकाशाच मागितला. मोठ्या कागदावर छापून नेला. तात्यांनी हात धुऊन तो ओट्यावर पसरला आणि ओढ्यापासून बोट फिरवत निघाले. बोट एका काळपट हिरव्या ठिपक्यावर थांबलं.

"ह्यो म्या."

ती करवंदीची जाळी होती.

"दोन सदऱ्यांनी काम केलं बगा! कसा गुबगुबीत दिसतोय." तात्या खुशीत हसले. मग कागदाची सुरळी करत हळूच म्हणाले, "दिवाळीला सुशी येतीया पुन्यासनं. लेकीचा एकच घोर, आई गेल्यापासनं एकलं ऱ्हाता, वाळला आसाल. म्हनलं, सरकारी फोटूत बग. मानूस खोटं बोलंल, फोटू न्हाई बोलायचा."

"व्हय, तात्या," मी म्हणालो. त्यांनी चहात साखर जरा जास्तच घातली होती. तो पिऊन खाली उतरलो.

दिवाळी अजून यायची आहे. तात्यांचा एका सदऱ्यातला, जमिनीवर उभं राहून काढलेला एक फोटो मी देणं लागतो. आणि तो देताना, ती करवंदीची जाळी आहे हे सांगणंही.