डाव्या डोळ्याखालचा ठिपका

ट्रक रिकामा होऊन परत आला की नागोराव पेंटर ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारतात, "कुणी काई म्हणलं का?"

प्रश्न पोत्यांवरच्या बैलाबद्दल असतो. लातूरच्या ज्या पेंडीच्या कारखान्यात मी पत्रं टाइप करते, त्याची ही खूण नागोरावांनीच काढली आहे. लोंबत्या कानांचं देवणी बैलाचं तोंड, डाव्या डोळ्याखाली पळसाच्या पानासारखा काळा ठिपका. जिल्हा नवा झाला तेव्हा गावभरच्या पाट्यांवर 'जिल्हा लातूर' त्यांनीच रंगवलं. पण ऐट बैलाची. "जिल्ह्याची अक्षरं वाळली नव्हती, तवा माझा बैल वाळून तयार!"

"पेंटरला तारीफ ऐकायचा लई शौक," करीमचाचा ड्रायव्हर हसतात. "हाव पेंटर, कंधारच्या म्हशींनी सलाम सांगितलाय!"

मलाही तसंच वाटायचं.

मग मुंबईच्या छापखान्याचं इंग्रजी पत्र आलं. नव्या पोत्यांसाठी चित्र स्वच्छ केलं आहे, गालावरचा शाईचा डाग काढला आहे, मंजुरी कळवावी. मी अर्थ सांगितला. "बरंच झालं," मालक म्हणाले, "हो म्हणून कळवा."

बाहेर नागोराव फाटक रंगवत होते. त्यांना सांगितलं, तर ब्रश हातातच राहिला.

"डाग? माय, तोंड हाय ते! माझ्या बैलाचं, शेवऱ्याचं." मग आवाज उतरला. "मागच्या दुष्काळात चारा नव्हता. कंधारकडं एकाला सांभाळाया दिला. पाऊस झाल्यावर आणाया गेलो, तर माणूस गाव सोडून गेल्याला. बैलबी न्हाई. फोटो कुठला असणार? म्हणलं, पोती गावोगाव जात्यात. कुणीतरी म्हणंल, अरे, हा तर आमच्याकडं हाय."

मालकांनी विचारल्याशिवाय मी त्यांच्याशी बोलत नाही. त्या दिवशी पत्र टाइप करून समोर ठेवलं.

"काय लिहिलंय?"

"तो डाग नाही, चेहरा आहे. तसाच ठेवावा."

त्यांनी पेन उघडलं. सही केली.

नवी पोती ठिपक्यासकट आली. नागोरावांनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. "आता म्हातारा झाला असंल. पण ठिपका कुठं जातोय?"

काल ते तापामुळे आले नाहीत. कंधारचा ट्रक परतला. मी टाइपरायटर सोडून फाटकाशी गेले. करीमचाचांनी दार उघडलं, मला पाहून थबकले.

"चाचा," मी विचारलं, "कुणी काई म्हणलं का?"