बांगड्या उतरवून खेळलेला डाव

हातातल्या बांगड्या घटकाभर काढून ठेवाव्यात, एवढंच ऋतिकाने ठरवलं होतं. त्यापायी निम्मी आळी रडत दारात येईल, हे तिला बी.कॉम.च्या कुठल्याच वर्षाला शिकवलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मंचरला एस.टी. स्टँडमागच्या आळीत तिच्या नवऱ्याचं, दादाभाऊचं, टायपिंग, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे दोन कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडलेले. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत पत्त्यांचा एक गेम निघाला आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की नवराबायको पाठीला पाठ लावून बसू लागले. आपले पत्ते पालथे टाकायचे आणि ते कोणते ते सांगायचं. खरं सांगा, नाहीतर थाप मारा. मग समोरच्याच्या स्क्रीनवर दोन बटणं यायची. पटलं तर हिरवं, थाप वाटली तर लाल. थाप पकडली गेली की पडलेले सगळे पत्ते थापाड्याच्या गळ्यात. आळ खोटा निघाला तर आळ घेणाऱ्याच्या. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. निम्मा कॅट कॉम्प्युटर स्वतःकडेच दडवून ठेवायचा, त्यामुळे कुणाकडे काय आहे याचा नुसता अंदाज बांधायचा.

ऋतिकाला वाटलं, हा गेम आपल्यासाठीच काढलाय. समोरासमोर बसून ती पत्त्यांत कधी जिंकलीच नव्हती. खोटं बोलायच्या आधीच तिचे कान लाल व्हायचे. (तशी ती कुकरच्या शिट्टीलाही दचकायची, आणि कुकर तिनेच लावलेला असायचा.) इथे तोंड दिसायचा प्रश्नच नव्हता!

तरी ती हरत होती. थाप मारली रे मारली की लाल बटण!

"अहो, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"डोकं लागतं राव, डोकं!"

शनिवारी मात्र पैज लागली. जुन्नरला तिच्या बहिणीला मुलगी झाली होती आणि मावशीने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण सासूबाईंनी, चिमाबाईंनी, कुरडयांचे गहू भिजत घातले होते. ठरलं असं की ऋतिका जिंकली तर ती उद्याच्या पहिल्या गाडीने जुन्नरला, आणि गच्चीवर सोऱ्या दादाभाऊ फिरवणार. हरली तर कुरडया, पापड, सांडगे, सगळं आटोपल्यावर बघू.

डाव रंगात आला असताना ऋतिकाने सहज मागे वळून पाहिलं, तर दादाभाऊ टेबलावर कपाळ टेकवून, डोळे मिटून बसलेला. झोपला की काय? छे! ऐकत होता. थाप मारताना तिचा हात थरथरायचा, आणि डझनभर बांगड्या वाजून चुगली करायच्या.

"पाणी पिऊन आले हं," म्हणून ती मोरीत गेली आणि साबण लावून एकेक बांगडी उतरवली. घाईत साबण डोळ्यांत गेला. डोळ्यांतून धारा, मोकळे हात, बांगड्यांचा ढीग टेबलावर, अशी ती परत येऊन बसली. तिच्याकडे दोनच पत्ते उरले होते, एक राजा आणि एक दुर्री. आता राजा टाकायचा, खरं बोलायचं... तिने 'राजा' हे नाव निवडलंही.

तेवढ्यात मागच्या दाराने चिमाबाई आल्या. त्यांना काय दिसलं? सुनेचे भुंडे हात. सुनेच्या डोळ्यांना धार. आणि टेबलावर पडलेला लेक.

"दादाऽऽ! आरं माझ्या लेकराऽऽ!"

ऋतिका खुर्चीतून हातभर उडाली. माउस टकटकला आणि दोन्ही पत्ते पालथे पडले. स्क्रीनवर अक्षरं उमटली, दोन राजे.

दादाभाऊला तेव्हाही बांगड्याच ऐकायच्या होत्या. डोळे न उघडताच त्याने एक हात वर केला, गप्प बसा म्हणून.

"हात हालला! धुगधुगी हाय! बायडे, रिक्षा आण गं!"

शेजारच्या बायडाबाई धावल्या, त्यांच्यामागे आळी धावली. कुणी कांदा फोडून दादाभाऊच्या नाकाला लावला, तेव्हा कुठे तो ओरडत उठला.

"अगं आई, गेम खेळतोय मी!"

"आन् हिनं बांगड्या का उतरल्या?"

"आत्याबाई, त्या... वाजत होत्या," ऋतिका पुटपुटली.

"म्हंजे कुणालाच काय झालं न्हाई?" बायडाबाईंनी विचारलं. (स्वर जरासा हिरमुसलेलाच होता.)

चिमाबाईंना पैज कळली आणि त्यांचं रडू जागच्या जागी थांबलं. "कुरडयांवर पैज? आन् ह्यो सोऱ्या फिरवणार? दादा, दाब ते लाल!"

"थांब गं आई. माझ्याकडंच दोन राजे हायेत. उरले दोन. ते दोन्ही हिच्याकडंच कसे?"

"असत्याल की! नशिबात असलं तर चारबी येत्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

"आरं, घाम बघ तिचा!"

"मे महिना हाय, मावशे. तुलाबी आलाय की!"

ऋतिकाने पदर तोंडावर ओढून घेतला. बाळाच्या इवल्या मुठी तिला दिसू लागल्या.

दादाभाऊने हनुवटी खाजवली. माउसचा बाण लालवर नेला. मागे घेतला. पुन्हा नेला.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "उंदीर दिसला तर कपाटावर चढणारी बाई ही. एवढी मोठी थाप मारायची हिची छाती नाही. खरंच दोन राजे असणार. जा बाई जुन्नरला!" आणि त्याने बाण हिरव्या बटणाकडे सरकवला.

"दुर्री होती, दुर्री!" ऋतिका पदर भिरकावून टाळ्या पिटत किंचाळली. "फसवलं की नाही? एकच राजा होता! फसवलं!"

हिरव्या बटणाच्या अलीकडे थबकलेला बाण दादाभाऊने सावकाश लालवर नेला आणि दाबला.

पडलेले सगळे पत्ते भराभर ऋतिकाच्या स्क्रीनवर येऊन बसले. मावेनात इतके.

"चिमे, लई सरळ सून मिळाली गं तुला," बायडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "जिंकता जिंकता खरं बोलली! आसं मानूस आजकाल भेटायचं न्हाई. पोरी, तुमच्या कुरडया झाल्या की माझ्याबी घालून दे. माझं बी गहू भिजत्यात."