आधी पोर निजवा

“वहिनी, आधी पोर निजवा. मग बोलू.”

खालच्या मजल्यावरचे अप्पा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आम्ही राजारामपुरीत नुकतेच राहायला आलो होतो आणि पाणी किती वाजता येतं एवढंच विचारायला मी संध्याकाळी खाली गेले होते. माझं पोर पुण्यात हॉस्टेलवर, सहा फूट उंच, दाढीवालं. ते कुठून आणून निजवायचं? मी नुसती बघत राहिले. तेव्हा अप्पांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं आणि मग सोफ्याशेजारच्या पाळण्याकडे. पाळणा खराखुरा होता. सागवानी, वर लाकडी चिमण्या टांगलेला. आत मऊ दुपट्यावर तीन-चार मोबाइल ओळीनं झोपवलेले आणि त्यांच्यावर पांघरूण. मी मुकाट्यानं माझा मोबाइल त्यांच्या शेजारी ठेवला. अप्पांनी पाळण्याला झोका दिला आणि म्हणाले, “हां. आता बोला की.”

पाण्याची वेळ विचारायची राहिली ती राहिलीच. वर आल्यावर लक्षात आलं की मोबाइलही खालीच राहिलाय.

अप्पांचा सगळा जन्म गुळाच्या अडतीत गेला. सौद्यात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की ते दाराशी ‘कोण हाय?’ म्हणाले तरी गल्लीच्या टोकाचा माणूस ‘मी न्हाय’ म्हणेल. त्यांच्या घराचा नियम एकच. संध्याकाळी सात ते नऊ कुणाचाही फोन जागा राहता कामा नये. टीव्हीवर टॉवेल पडतो. मधे भडंगाची परात येते आणि घरचे, दारचे सगळे भोवती बसतात. काय करायचं असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. “एकमेकाच्या तोंडाकडं बघा. बरी असत्यात तोंडं.”

नियमाला पोटनियम होता. पाळण्यातला फोन वाजला तर तो उचलायचा नाही. ज्याचा असेल त्यानं उठून, फोन गप्प होईपर्यंत पाळणा हलवायचा. “उठलं बघा तुमचं. हलवा,” असं अप्पा बसल्या जागेवरून सांगायचे. इन्कम टॅक्समधून निवृत्त झालेले एक साहेब पाळण्याची दोरी ओढत उभे असलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत.

एकदा पूजा सांगायला आलेल्या स्वामींनाही त्यांनी सोडलं नाही. आम्ही सगळे पाया पडायला वाकलेलो, आणि अप्पा हात जोडून म्हणतात, “स्वामी, आशीर्वाद नंतर. आधी पोर निजवा.” मी वाकलेली तशीच थिजले. संन्यस्त माणसाला पोर निजवायला सांगणारा हा पहिलाच यजमान असावा. स्वामींनी शांतपणे कफनीतून दोन मोबाइल काढले. एक नाही, दोन. तोही धक्काच.

सिलिंडरचा प्रसंग तर विचारू नका. पोरगा सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा आणि म्हणतोय, मोबाइलवर नंबर आलाय तो सांगा. अप्पा म्हणाले, “आत्ताच डोळा लागलाय. उद्या या, पावणं.” भरलेलं सिलिंडर परत गेलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, पुढचे दोन-तीन दिवस वर माझ्या गॅसवर भाकऱ्या थापत होत्या आणि प्रत्येक भाकरीगणिक अप्पांचा उद्धार करत होत्या.

मला या सगळ्याचा राग यायचा. माणसाच्या वस्तूला हात घालणारे हे कोण? पण एका संध्याकाळी माझा नवरा, जो घरात ‘हं’ आणि ‘मीठ’ यापलीकडे बोलत नाही, त्या परातीसमोर बसून सांगायला लागला की हुपरीला गणपतीच्या नाटकात त्यानं लुगडं नेसून राणीचं काम केलं होतं, आणि पायात आईनं घरच्या भट्टीवर केलेले चांदीचे पैंजण होते. मी चाट पडले. चोवीस वर्षं संसार केला, आणि घरात राणी आहे याचा मला पत्ता नाही. त्यानंतर मी आपण होऊन खाली जायला लागले.

म्हणूनच मार्चमधल्या त्या रविवारी मी तिथं होते. साडेसातच्या सुमाराला पाळण्यातला एक फोन वाजला. अक्का धडपडत उठल्या. “बसूचा हाय. व्हिडिओ लावलाय. पोरगी बसली आसंल समोर.” बसू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो. तिकडे तेव्हा सकाळ असते.

अप्पांनी दोरी हातात घेतली आणि पाळणा हलवायला लागले.

“अहो, नात आहे,” मी म्हणाले.

“ठावं हाय,” अप्पा म्हणाले आणि हलवत राहिले. फोन वाजून वाजून थांबला. अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या.

विक्षिप्तपणाला काही सीमा? मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि अक्कांना म्हणाले की हा माणूस आहे की दगड.

“दगड कुटला,” अक्का म्हणाल्या. “पाळणा नातीसाठीच केलता. बारसं हितं करायचं ठरलं हुतं. पर बसूला रजा न्हाय मिळाली, बारसं फोनवरच झालं. पाळणा रिकामाच. मी म्हटलं, रिकामा पाळणा हलवू नये, काढून ठेवा. तर ह्येंनी त्यात फोन निजवला.”

“मग बोलत का नाहीत तिच्याशी?”

अक्कांनी पदर खोचला. “दोन वर्साची आसताना आलती. फोनात रोज बघितल्याली की ह्यास्नी. पर समोर बघितल्यावर किंचाळली. जवळच जाईना. सारखी फोन दावायची, अज्जा ह्यात हाय म्हणायची. मग काय करत्यात? आतल्या खोलीत जाऊन दार लावायचं आणि तितनं तिला फोन लावायचा. मग पोरगी हसायची, पापा द्यायची. फोनला. मुक्कामभर ह्यो माणूस भिंतीपल्याड बसून नातीसंगं बोलला. गेल्यावर म्हणाले, आता फोनात दिसायचं न्हाय. मला इसरली तरी चालंल, पर पुढच्या खेपेला खराच भेटणार.”

मी बाहेर आले. अप्पा अजून पाळणा हलवत होते. फोन केव्हाच थांबला होता.

दिवाळीला बसू आला. अक्कांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. सात वाजून गेले होते. अप्पा नवा सदरा घालून ताठ बसलेले, आणि एरवी गल्ली दणाणून सोडणारा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. चार वर्षांची पोरगी टॅब छातीशी धरून दारात उभी राहिली. आता ते ‘आधी पोर निजवा’ म्हणणार, म्हणून मी वाट बघत होते. अप्पा काही म्हणाले नाहीत.

पोरगी सरळ पाळण्यापाशी गेली. पांघरूण उचलून बघितलं. “हे सगळे झोपलेत?”

“व्हय,” अप्पा हळूच म्हणाले. “दमल्यात.”

तिनं विचार केला. मग टॅब आत ठेवला, त्याच्यावर नीट पांघरूण घातलं आणि दोरी ओढली. पाळणा जड होता, हलेना. अप्पा उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि दोरीला हात लावला. ती किंचाळली नाही. बराच वेळ त्यांच्या मिशांकडे बघत राहिली.

“आमच्या फोनमध्ये एक अज्जा होता,” ती म्हणाली. “तो कुठं गेला?”

“त्यो व्हय?” अप्पा म्हणाले. “त्यो आता हितंच ऱ्हायला आलाय.”

तिला ते पटलं असावं. ती जरा सरकली आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली.

तेवढ्यात पाळण्यात फोन वाजला. माझाच. नियमाप्रमाणे मी उठले. अप्पांनी माझ्याकडे न बघताच हात केला.

“बसा वहिनी. आमी हाय की दोघं.”